पट्टा कोण सैल सोडतं, ते बघा

गेल्या अंकात मी कुत्र्यांच्या कानांच्या दुखण्यावर लिहिलं होतं. लिहिण्याच्या ओघात एक वाक्य येऊन गेलं, की माझी आणि माझ्या नवऱ्याची गाठ एका लंगडणाऱ्या कुत्र्यानं घालून दिली. कानांपेक्षा त्या एका वाक्यावरच जास्त पत्रं आली. त्यांतली काही इतकी मनापासून लिहिलेली आहेत, की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. माणसांची नावं छापत नाही, कुत्र्यांची छापते.

प्रश्न : माझं वय २९. माझा बंड्या तीन वर्षांचा आहे. गेले चार महिने रोज सकाळी साडेसहाला आम्ही बागेच्या मागच्या फाटकातून आत शिरलो, की तो मला अक्षरशः फरफटत एका बाकापर्यंत नेतो. तिथे ढमी असते. काळी, एक कान उभा, एक पडलेला. आणि ढमीबरोबर ती असते. आम्ही दहा-पंधरा मिनिटं बोलतो. ढमी ढगांच्या गडगडाटाला घाबरते, तिला अंघोळ आवडत नाही, तिचं मागचं एक नख लहानपणी तुटलं होतं, हे सगळं मला माहीत आहे. तिचं स्वतःचं नाव मात्र माहीत नाही. ती मला ‘बंड्याचे बाबा’ म्हणते. इतक्या दिवसांनी आता नाव कसं विचारायचं? आणि डॉक्टर, बंड्या खरंच ढमीच्या प्रेमात आहे का?

उत्तर : आधी बंड्याचं बघू, ते सोपं आहे. नर कुत्रा एखाद्या मादीकडे ओढ घेतो म्हटलं, की मी पहिल्यांदा विचारते, ती माजावर आहे का? मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि तो काळ दोन-तीन आठवड्यांचा असतो. ओढ तेवढ्यापुरतीच असती, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. चार महिने रोज ओढतोय म्हणजे ही सरळ मैत्री आहे. खात्री करायची असेल, तर उद्या नीट बघा. पुढच्या पायांची कोपरं जमिनीला टेकवून, मागची बाजू वर ठेवून तो ढमीसमोर वाकतो का? ते खेळाचं आमंत्रण असतं. ढमीही तशीच वाकली आणि पळापळीत कधी हा पुढे, कधी ती पुढे असं होत असेल, तर दोघांचं छान जमलंय. शेपटीकडेही लक्ष द्या. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली तीस कुत्र्यांच्या शेपट्यांचं चित्रण केलं होतं. आपला माणूस दिसला की शेपटी कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकत होती, आणि समोर दांडगा अनोळखी कुत्रा आला की डाव्या बाजूला. नुसत्या डोळ्यांना हे चटकन दिसत नाही. फोनवर चित्रण करून सावकाश लावून बघा.

आता तुमचं. इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला दोन माणसं भेटताना त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा हातातले पट्टे बघायची सवय लागली आहे. ज्याला थांबायचं नसतं, तो समोरून कुत्रा येताना दिसला की पट्ट्याचा एक वेढा मनगटाला घेतो, आपला कुत्रा पलीकडच्या बाजूला घेतो आणि जरासा वळसा घालून निघून जातो. तोंडानं छान बोलतो, पण पाय थांबत नाहीत. ज्याला थांबायचं असतं, त्याचा हात समोरचा पोचायच्या आधीच पुढे आलेला असतो. पट्टा सैल होतो, मधोमध जमिनीला टेकतो. उद्या बंड्यानं ओढायला सुरुवात केली, की तुम्ही बाकाकडे बघा. ढमीचा पट्टा कसा आहे? तुम्ही वीस पावलांवर असतानाच तो जमिनीला टेकलेला असेल, तर तुमचं येणं तिला हवंसं आहे, एवढं मी इथून सांगते. त्यापुढचं तिचं तिलाच विचारायला हवं.

नाव न विचारता चार महिने गेले यात ओशाळण्यासारखं काहीच नाही. कुत्रा मध्ये असला की असंच होतं. दोन अनोळखी माणसांना एकमेकांच्या डोळ्यांत बघत बोलणं अवघड जातं. कुत्रा असला की दोघांचीही नजर खाली त्याच्याकडे असते, बोलायला विषय आयता असतो आणि उद्या पुन्हा यायला कारणही असतं. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. एकच व्यक्ती काही दिवस कुत्र्याबरोबर आणि काही दिवस कुत्र्याशिवाय रोजच्या कामांना जात होती, आणि कोण कोण तिच्याशी बोलतं याची नोंद ठेवली जात होती. कुत्रा असताना बोलणारे कितीतरी पटींनी वाढले. पुढे त्यांनी कपडे बदलून पाहिले, एकदा नीटनेटके, एकदा गबाळे. दोन्ही वेळा कुत्रा बरोबर असला की लोक जास्त बोलत होते.

पण कुत्रा फक्त फाटक उघडून देतो. आत तुमचं तुम्हालाच जायचं आहे. म्हणून नाव विचारू नका, आधी आपलं सांगा. “चार महिने झाले, माझं नाव सांगायचंच राहिलं,” एवढंच वाक्य पुरे. ती तिचं सांगेल. मग एखाद्या दिवशी कुत्र्यांना घरी ठेवून भेटायचं का, हे सरळ विचारा. ‘बंड्याला ढमीची आठवण येते’ असलं बंड्याच्या आडून काही बोलू नका. ती नाही म्हणाली, तर दुसऱ्या दिवशीही साडेसहालाच जा, तसंच हसून बोला, आणि तिला एकटं राहायचं असलं तर बंड्याला खेळू देऊन तुम्ही चार पावलं लांब उभे राहा. बंड्यानं ढमीला गमवायचं काही कारण नाही.

आणि तो इतकं ओढत असेल, तर गळ्यातला पट्टा काढा आणि छातीवरून जाणारं हार्नेस घ्या. ओढीनं श्वासनलिकेवर दाब येतो. हे आजच करा, बाकीचं उद्या.

प्रश्न : त्या लंगडणाऱ्या कुत्र्याची गोष्ट पूर्ण सांगाल का? (हा प्रश्न अकरा जणांनी विचारला आहे.)

उत्तर : सांगते. तेवीस वर्षं झाली. माझा दवाखाना नवीन होता. एक टेबल, एक कपाट, एक खिडकी. एका संध्याकाळी एक उंच माणूस भिजलेल्या कुत्र्याला उचलून घेऊन आला. कुत्र्याचं नाव सोन्या. पुढच्या उजव्या पायाच्या दोन बोटांमध्ये काटा मोडला होता. मी तो काढला, जखम धुतली, आणि सोन्या विव्हळत होता म्हणून बराच वेळ त्याचं डोकं माझ्या हातावर धरून बसले. जाताना त्याला खाऊ दिला.

आठ दिवसांनी दोघं पुन्हा हजर. सोन्या लंगडत होता. मी पंजा पाहिला, जखम भरलेली. बोटं, मनगट, कोपर, खांदा, एकेक सांधा हलवून पाहिला. कुठे दुखत नव्हतं. तरी एक्स-रे काढायला लावला. स्वच्छ. पुन्हा खाऊ, पुन्हा कुरवाळणं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी योगायोगानं खिडकीत उभी होते. दोघं रस्त्यानं येताना दिसले. सोन्या चारही पायांवर झकास उड्या मारत येत होता. फाटक आलं, आणि फाटकातून आत पाऊल टाकल्याबरोबर तो लंगडायला लागला. या वेळी डाव्या पायानं.

मला हसू आवरेना. मी त्या माणसाला बाहेर नेलं, सोन्याला रस्त्यावर चालवून दाखवलं, मग फाटकातून आत आणून दाखवलं. यात सोन्याची लबाडी नव्हती. ज्या वागण्याच्या पाठोपाठ सुख मिळतं, ते वागणं प्राणी पुन्हा करतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९८ साली मांजरांना पेटीत ठेवून हेच दाखवून दिलं होतं. सोन्यासाठी लंगडणं म्हणजे ती बाई डोकं हातावर घेते आणि खाऊ देते. पायाची बाजू लक्षात ठेवायची त्याला गरज वाटली नव्हती.

तो माणूस कानापर्यंत लाल झाला. बराच वेळ पट्ट्याची कडी उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आता यायला काही कारणच नाही.” मी म्हटलं, “सात महिन्यांनी लस आहे.” तो म्हणाला, “सात महिने फार होतात.”

पुढच्या रविवारी आम्ही तिघं फिरायला गेलो. सोन्या चौदा वर्षं जगला. मला दवाखान्यातून यायला उशीर झाला, की दारात लंगडत यायचा, शेवटपर्यंत.

यातलं एकच वाक्य कात्रीनं कापून ठेवा : कुत्रा लंगडत असेल तर आधी त्याला तपासून घ्या. बहुतेक वेळा खरंच दुखत असतं. सोन्याचं नाटक मी तपासणी आणि एक्स-रे झाल्यावर ओळखलं, आधी नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी एका माणसाशी ओळख झाली. शांत आहे, शब्दाचा पक्का आहे, मला तो मनापासून आवडतो. पण माझी राणी त्याला बघितलं की पलंगाखाली जाते. तो वाकून हाक मारतो तेव्हा गुरगुरते. राणी सहा वर्षांची आहे, रस्त्यावरून उचलून आणलेली. मैत्रिणी म्हणतात, कुत्र्याला माणूस बरोबर कळतो, तू वेळीच सावध हो. रात्र रात्र मला हाच विचार. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : राणीचं ऐका. पण ती जे म्हणते आहे तेवढंच ऐका. गुरगुरण्याचा अर्थ ‘लांब राहा’ असा असतो. ‘हा माणूस वाईट आहे’ असा नसतो.

तो वाकून हाक मारतो, असं तुम्हीच लिहिलंय. राणीच्या जागी पडून बघा. पलंगाखालच्या अंधारात तुम्ही अंग चोरून पडला आहात, आणि उजेडाच्या फटीतून एक मोठा चेहरा खाली येतो, थेट डोळ्यांत बघतो, भरदार आवाजात तुमचं नाव घेतो, मग एक हात आत येतो. त्यानं हे सगळं प्रेमानंच केलं असणार. पण कुत्र्यांच्या भाषेत वरून वाकणं, रोखून बघणं आणि कोंडीत पकडणं या तिन्ही गोष्टी धमकीच्या आहेत. रस्त्यावर राहिलेल्या कुत्र्यांनी असा वाकलेला माणूस पुष्कळदा पाहिलेला असतो, आणि त्याच्या हातात काय असायचं ते आपल्याला माहीत नसतं. राणी गुरगुरली म्हणून तिला कधीही रागावू नका. गुरगुरणं दाबलं, की कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

कुत्र्याला माणूस कळतो या समजुतीत थोडं तथ्य आहे. जपानमधल्या क्योटो विद्यापीठात २०१५ साली एक सुंदर प्रयोग झाला. कुत्र्याच्या मालकाला एक डबा उघडत नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाकडे त्यानं मदत मागितली, तर त्या माणसानं तोंड फिरवलं. पलीकडे तिसरा माणूस नुसता बसून होता. नंतर दोघांनीही कुत्र्यापुढे खाऊ धरला, तेव्हा तोंड फिरवणाऱ्याच्या हातचं घ्यायला कुत्रे टाळत होते. म्हणजे आपल्या माणसाशी कोण कसं वागलं, हे कुत्र्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण त्यासाठी त्यांनी ते वागणं बघावं लागतं. तो तुमच्याशी कसा वागतो हे राणीनं अजून पाहिलेलंच नाही. ती पलंगाखाली आहे.

तुम्ही मात्र पलंगाखाली नाही. म्हणून आता मी सांगते तसं करा आणि त्या वेळी दोघांकडेही बघा.

पहिली भेट घराबाहेर ठेवा. तिघं एकाच दिशेनं चाला, राणी तुमच्या बाजूला आणि तो पलीकडे. त्यानं तिच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही. तिला नको असेल तेव्हा लांब जाता यावं म्हणून पट्टा सैल ठेवा. असं चार-सहा वेळा झालं, की मग घरात. घरात त्यानं जमिनीवर बसायचं, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. अधूनमधून एक खाऊचा तुकडा न बघता बाजूला टाकायचा, आपल्याजवळ नाही, राणीच्या जवळ. ती येऊन हुंगेल आणि परत जाईल. जाऊ द्यायचं. कधीतरी ती थांबेल. तेव्हाही डोक्यावर हात नाही. हात खालून न्यायचा, छातीवर तीन वेळा खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तिनं पुन्हा अंग टेकवलं तर पुन्हा. मान वळवली, खाऊ नसताना जिभेनं नाक चाटलं, झोप आली नसताना जांभई दिली किंवा डोळ्याच्या कडेला पांढरं दिसलं, तर आजच्यापुरतं पुरे.

त्याला एवढंही सांगून ठेवा, की राणीला खूश करायला चॉकलेट, द्राक्षं किंवा मनुका आणू नकोस. कुत्र्यांना त्या विषारी आहेत.

या सगळ्याला आठवडे लागतील. आणि तुम्हाला हवं ते उत्तर त्याच आठवड्यांत मिळेल. माझ्या टेबलापाशी मी हजारो माणसं पाहिली आहेत. एखादा जीव ‘नको’ म्हणतो, तेव्हा माणूस काय करतो, यातून मला जितकं कळतं तितकं तासभर गप्पा मारून कळत नाही. काही जण पट्टा धरून बाहेर ओढतात. काही जण हसतात आणि मुद्दाम पुन्हा हात लावतात. काही जण दुखावतात आणि तो राग घरच्यांवर काढतात. आणि काही जण हात मागे घेतात, थोडं सरकून बसतात आणि थांबतात. तुमचा माणूस सहा संध्याकाळी पलंगाकडे पाठ करून जमिनीवर बसला, राणी बाहेर आली नाही तरी त्याचा आवाज चढला नाही, तर मैत्रिणींना माझा नमस्कार सांगा आणि निर्धास्त राहा. ‘ती तरी ठेव, नाहीतर मला तरी’ असं तो म्हणाला, तरी तुम्हाला उत्तर मिळालंच. ते राणीनं दिलेलं नसेल.

राणी पाहुण्यांना अशीच घाबरते की फक्त त्यालाच, हे पत्रात नाही. फक्त त्यालाच घाबरत असेल तर वास तपासा. त्याच्या घरी दुसरा कुत्रा आहे का, तो माणूस उग्र अत्तर लावतो का, डोक्यावर हेल्मेट घेऊनच आत येतो का. एका घरात सगळी भानगड हेल्मेटची निघाली होती.

प्रश्न : वय २४. एकटा राहतो, स्वभाव बुजरा आहे. कुत्रा असला की मुली आपणहून बोलतात असं वाचलं. पिल्लू घेऊ का? कोणत्या जातीचं घ्यावं?

उत्तर : घेऊ नका.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. फ्रान्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक तरुण रस्त्यात अनोळखी मुलींना फोन नंबर मागत होता. एकटा असताना दहातल्या जेमतेम एकीनं दिला. कुत्रा बरोबर असताना दहातल्या जवळजवळ तिघींनी. पण त्या अभ्यासातला कुत्रा संध्याकाळी घरी कोणाजवळ झोपत होता, याचा विचार करा. पिल्लू दहा-बारा, कधी चौदा-पंधरा वर्षं तुमच्याजवळ राहणार. पहिले काही महिने दर दोन-तीन तासांनी त्याला बाहेर न्यावं लागेल, रात्रीसुद्धा. तुम्ही कामाला गेलात की ते दिवसभर दाराकडे बघत बसेल. ज्या मुलीसाठी ते आणलं ती भेटली, किंवा भेटलीच नाही, त्यानंतरही ते असणारच आहे. कोणाला भेटायचं साधन म्हणून आणलेली पिल्लं मी वर्षभरानं पुन्हा पाहिली आहेत. बांधलेली असतात, आणि मालक म्हणतो, “याचं काय करू?” मला ते बघवत नाही.

तुम्हाला कुत्रे मनापासून आवडत असतील तर एक मार्ग आहे. ओळखीतल्या एखाद्या आजारी किंवा वयस्क माणसाचा कुत्रा रोज फिरवायला न्या, किंवा भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात आठवड्यातून दोनदा मदतीला जा. तिथे पिंजरे धुवायला जी माणसं येतात, त्यांच्याशी बोलायला बुजऱ्या माणसालाही अवघड जात नाही. दोघांचे हात एकाच बादलीत असतात. वर्षभर हे न कंटाळता केलंत, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा पिल्लाबद्दल बोलू.

प्रश्न : आमची गाठ तिच्या कुत्र्यामुळेच पडली. आता लग्नाला वर्ष झालं आणि तोच टिल्लू रोज रात्री आमच्या दोघांच्या मधोमध आडवा झोपतो. मी तिचा हात धरला की डोकं मध्ये घालतो. याला मत्सर वाटतो का?

उत्तर : मत्सरासारखं काहीतरी वाटतं, हो. कॅलिफोर्नियात २०१४ साली छत्तीस कुत्र्यांवर प्रयोग झाला. मालक एका खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करू लागले, तेव्हा खरे कुत्रे मध्ये घुसत होते, मालकाला ढकलत होते. पण टिल्लूचं मला थोडं वेगळं वाटतं. तुम्ही दोघं जवळ आलात की त्याला दोन्हीकडची ऊब मिळते, म्हणून तो त्याच क्षणी धावत येतो. त्याला ढकलू नका, ओरडू नका. पलंगाच्या पायथ्याशी त्याचं अंथरूण घाला, त्यात तिचा एक न धुतलेला शर्ट ठेवा, आणि तो तिथे गेला की खाऊ तुम्ही द्या, तिनं नाही. दोन-तीन आठवडे एक रात्रही न चुकवता करा. तुमची गाठ त्यानंच घातली आहे. त्याची जागा त्याच्याकडून हिसकावू नका, नवी जागा त्याला आवडेलशी करा.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, पत्नीला जाऊन सात वर्षं झाली. माझा वाघ्या अकरा वर्षांचा आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. संध्याकाळी फिरताना एका बाईंची चिमी भेटते, तीही म्हातारी, मागच्या पायांनी अधू. दोन्ही कुत्री फार चालू शकत नाहीत, म्हणून आम्ही चौघं बसूनच असतो. फारसं बोलणं होत नाही. आता एकाच घरी राहावं असं आम्हा दोघांच्या मनात आहे. मुलं चेष्टा करतात, म्हणतात, कुत्र्यांसाठी लग्न करताय का? त्यांना काय सांगू?

उत्तर : काका, मुलांना काही सांगू नका. एका संध्याकाळी त्यांना त्या बाकावर आणून बसवा, तासभर.

फारसं बोलणं होत नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं. जपानमध्येच २०१५ साली असं आढळलं, की कुत्रा आणि त्याचं माणूस एकमेकांकडे बराच वेळ शांतपणे बघत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं. आई बाळाकडे बघते तेव्हा जे वाढतं तेच. तुम्ही रोज संध्याकाळी चौघं मिळून तसंच काहीसं करत आहात.

आता घराचं. वाघ्याला दिसत नाही, म्हणून सामान हलवायच्या आधी दोन आठवडे चिमीचं पांघरूण वाघ्याकडे आणि वाघ्याचं चिमीकडे ठेवा. त्याला ते घर आधी नाकानं ओळखीचं होऊ दे. वाघ्यानं तिकडे जायचं असेल, तर पहिल्या दिवशी पट्टा लावून दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून अंथरुणापर्यंत दहा वेळा चालवा. त्यानंतर खुर्चीसुद्धा जागची हलवू नका. चिमीच्या पायांखाली फरशी सरकते, तिथे जाड सतरंज्या किंवा रबरी चटया टाका. पलंगावर चढायची सवय असेल तर उतरतं फळकूट लावा. पहिले काही दिवस दोघांच्या खाण्याची भांडी वेगळ्या खोल्यांत ठेवा. म्हातारपणी कुत्री जेवणावरून अचानक चिडतात, बाकावर कितीही गोडीगुलाबीनं बसत असली तरी. अंथरुणंही दोन घाला. पहिल्या रात्रीनंतर कोण कोणाच्या अंथरुणावर सापडलं, ते मला कळवा.